नातवाच्या छातीतलं औषध

बाबा,

तुमचा नातू श्वास घेऊन राह्यला! नळीशिवाय, आपल्या आपण! दोन महिने आधी जन्मला म्हणून त्याचे फुफ्फुस चिकटत होते. ते उघडे ठेवणारं द्रव्य त्याच्यात तयारच झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईनं त्याच द्रव्याचं औषध छातीत सोडलं, अन् निळं लेकरू गुलाबी झालं! मी नाचलीच असती, पण टाके हायेत.

औषध कुठून येते, इचारलं. डुकराच्या फुफ्फुसातून, म्हणे.

अन् तुमचा जलम ज्वारीतले डुकरं हाकलण्यात गेला! हे पत्र धाडत नाही. मायले समजलं तर लेकराले गोमुतरानं धुऊन काढन. फोनवर एवढंच सांगीन: बाबा, आज मचाणावरून गोटा जरा बाजूनं मारजा. काऊन, ते इचारू नका.

तुमची लेक,
सुनयना