मदतीला एक चिमटा

मावशी,

तुला माझा वाकून नमस्कार, आणि बाळाचाही (त्याचे हात धरून मीच करवला, कागदाचा कोपरा ओला दिसतोय तो त्यानं चावलाय). गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? मी बरी आहे. खोटं कशाला, बरी नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज साहेबांनी ऑफिसात बोलावलंय, म्हणाले, बाळाला घेऊन या. आणि शनिवारपर्यंत साहेबांना बाळ आहे हेच माहीत नव्हतं! (दुकानदारकाका तुला वाचून दाखवत असतील तर त्यांना सांग, हळू वाचा, घाईत अर्धं गिळू नका.)

नीट सांगते. आमची लाँड्री हॉटेलांच्या चादरी धुते. बाळाला घरी बापाजवळ ठेवून बघितलं, पण रात्रपाळीचा माणूस दिवसा असा झोपतो की पोर रडलं तेव्हा शेजारी धावत आले, हा काही उठला नाही. म्हणून मी बाळाला कामावर नेते. चादरी न्यायची चाकांची मोठी गाडी असते, तिच्यात खाली टॉवेल, वर हा, आणि गाडी इस्त्रीवाल्या काकूंच्या टेबलाखाली. तो कुरकुरला की जिचा पाय जवळ तिनं गाडी हलवायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. काकू तोंडानं मला बोल लावायच्या आणि पायानं झोका द्यायच्या.

मग नवे साहेब आले. तरुण, केस चापून बसवलेले (शर्टाची इस्त्री मात्र आमच्या काकूंचीच). त्यांनी भिंतीवर पाटी लावली की इथे एकमेकींना मदत करायची. आम्ही म्हटलं, मग इतके दिवस काय भजी तळत होतो? नंतर रोज सकाळी प्रत्येकीला मूठभर हिरवे चिमटे, कपडे वाळत घालायचे असतात ते. जी मदत करेल तिच्या एप्रनला आपला चिमटा लावायचा. शनिवारी जिच्या अंगावर जास्त तिला बक्षीस, आणि जिच्या अंगावर एकही नाही तिनं घरी बसायचं.

आता तू सांग, मोठ्या चादरीची घडी कधी एकटीनं होते? एक इकडे, एक तिकडे. मग कोण कुणाला मदत करतंय? पहिल्याच दिवशी काकू आणि फटाकडी (आमच्यात सगळ्यात लहान, जीभ सगळ्यात लांब) चादर ताणून उभ्या. "मी तुला चादर धरू लागले." "वा गं वा काकू, उचलली कुणी?" कुणी टोक सोडेना. दुपारपर्यंत सगळ्या एकेकट्या घड्या घालायला लागल्या, एक टोक हनुवटीखाली, एक दातात, बाकीची चादर फरशी पुसतेय. तीच परत धुवायला. मशीनला वाटलं असेल हॉटेलं वाढली. आणि जिथे चिमटा दिसेल तिथे झुंबड. एका बादलीला चार बायका. मला शिंक आली तर पाठ चोळायला तिघी.

माझं तर दिवाळंच. झोका देईल तिला चिमटा, म्हणून दुपारच्या आत माझे संपायचे (फटाकडी त्याला मुद्दाम उठवायची आणि मग झोपवायची). आणि माझा एक पाय कायम गाडीपाशी, मी कुणाच्या मदतीला जाणार? शनिवार आला, साहेब मोजत निघाले, माझा एप्रन कोरा करकरीत. दादाचं बोलणं कानात वाजायला लागलं, की पोर काखेत घेऊन नोकरी होत नसते, रडत परत येशील. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग फटाकडीकडे. मी नाक पुसायला वळले, परत बघते तर सगळ्यांचेच एप्रन रिकामे!

साहेब म्हणाले, चिमटे गेले कुठे? तेवढ्यात टेबलाखालून खिदळणं. काकूंनी सावकाश गाडी ओढली. बाळ हिरवंगार! दुपट्याला चिमटे, टोपीला चिमटे, मोज्यांना चिमटे. साहेबांचा चेहरा बघायला हवा होतास. "हा कोण?"

काकू म्हणाल्या, "साहेब, चिमटा न मागता काम करणारा इथे हा एकटाच."

"पण करतो काय?"

"रडतो की," फटाकडी म्हणाली, "तो रडला की आमची भांडणं थांबतात."

मग काकूंनी चादरीचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं. बिचाऱ्यांनी घेतलं. घडी छान झाली. काकूंनी एप्रन पुढे केला, "आता सांगा, कुणी कुणाला लावायचा?" साहेब ती चादर पोटाशी धरून उभे, जणू त्यांचंच लेकरू. मग मला म्हणाले, सोमवारी बाळाला घेऊन या. हसले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी झोपले तरी असते.

तू काळजी करू नकोस, आणि यायचं नाव तर काढूच नकोस. माझं मी निभावते.

तुझी भाची

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर जाऊन आले. नोकरी आहे गं! चिमटे सगळे बादलीत परत. बाळानं साहेबांची कॉलर चोखली, इस्त्री गेली, तरी रागावले नाहीत. गाडी टेबलाखाली राहू दे म्हणाले. अट एकच, पोर चालायला लागलं की आणायचं नाही, गरम इस्त्र्या असतात. त्यांचं खरंच आहे.

आणखी एक. तो परवापासून गाडीचा काठ धरून उभा राहतो. लोक पोरानं चालावं म्हणून टाळ्या वाजवतात, इथे अख्खी लाँड्री "बस रे राजा, बस" करत त्याला खाली बसवतेय. चिमटा कुणी मागत नाही. पण आज त्यानं एक हात सोडला.

जे कुणी हे वाचताय, एवढं मावशीला वाचून दाखवू नका, नाहीतर ती तशीच पिशवी उचलून एकटी निघेल, गुडघ्यांसकट. माझ्या दादाला फोन करा, नंबर मागे लिहिलाय. मी करणार नाही, आमचं बोलणं बंद आहे. म्हणावं, मावशीला घेऊन ये, थोडे दिवस बाळापाशी राहू दे. तो विचारेल, रडत होती का? नाही म्हणा. पण फोन आजच करा, दुसरा हात सुटायच्या आत.