मांडीतली प्लेट

१२ जून १९९६
एक्स-रे आला. आईच्या मांडीत गेल्या ऑक्टोबरात बसवलेली स्टीलची प्लेट मधोमध तुटलीय. पडली नाही, घसरली नाही. कोपरीच्या बाजारात मासळी विकून पाटावरून उठली, कट् आवाज आला, तशीच खाली बसली. ती बसवणारे नौपाड्याचे डॉक्टर म्हणतात, "लवकर वजन टाकलं." मार्चमध्ये यांनीच सांगितलेलं, आता चाला, धंद्यावर बसा. तोंडी. कागदावर नाही.

२८ जून
सरकारी दवाखाना. हृदय कमजोर, भूल देणं धोक्याचं म्हणे. तुटकी प्लेट आतच ठेवून प्लास्टर. आई खाटेवर.

५ ऑगस्ट
अर्धी रजा. वकील जोशीबाई म्हणाल्या, ग्राहक मंचात केस टाकू. पण प्लेट कुठल्या कंपनीची? बिलावर नुसतं 'प्लेट व स्क्रू'. नौपाड्याला गेले. कंपाउंडर म्हणे प्लेटचं पाकीट तेव्हाच फेकलं. डॉक्टर भेटलेच नाहीत.

१९ नोव्हें.
हाडांचा तिसरा डॉक्टर. एक्स-रे उजेडाला धरून लगेच म्हणाला, "प्लेटच खराब होती." लिहून द्या म्हटलं तर एक्स-रे पाकिटात घालून परत दिला. म्हणाला, "ताई, मला याच गावात प्रॅक्टिस करायचीय." फी घेतली नाही. जिन्यात रडू आलं.

६ फेब्रु. १९९७
मंचात तारीख. नौपाड्याच्या डॉक्टरांचा वकील: प्लेट हजर करा, तपासणीला पाठवू. न बघता सदोष कशी म्हणता?
मी उठून ओरडले, "ती आईच्या मांडीत आहे!" अध्यक्षांनी बसायला सांगितलं. पुढची तारीख एप्रिल. बाहेर आल्यावर जोशीबाई हळूच म्हणाल्या, त्याचं म्हणणं कायद्यात बसतं गं.

२ मार्च
आईला सांगणार नव्हते. सांगून टाकलं.
"मग काढा की."
"आई, तुझं हृदय..."
"नऊ महिने खाटेवर हाय. कंटालले. मी खोटी नाय, येवढं तरी त्यांना दिसू दे."
मग भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

१४ मार्च
कल्याणचे एक सर्जन प्लेट काढायला तयार झालेत. "करतो, पण जबाबदारी तुमची." वाचेल ना, विचारलं. सांगता येत नाही म्हणाले.
आणि काढलेली प्लेट तपासणीत चांगलीच निघाली तर? हे जोशीबाईंना विचारलं. त्यांनी फाइल बांधायला घेतली.
आईने ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मवर अंगठा उठवला. माझी सही राहिलीय. सकाळी दहाच्या आत द्यायचाय. तासभर समोर घेऊन बसलेय...
आई खाटेवरून विचारतेय, "पेन चालत नाय काय गो?"