कप्तान मृगांक जळता जळता राहिला

मोहितदादा,

पहिले पाप सांगून टाकतो, मग खुशाली विचारतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीले, मी तुले भर मैदानात, बँडबाजा लावून, जाळता जाळता राहिलो. तू वाचला. आता साष्टांग नमस्कार (आडवा पडलो नाही, फ्लेक्सच्या दुकानातल्या स्टुलावर बसून लिहून राहिलो, पण समजून घे). श्रीधरदादाले बी नमस्कार सांगजो. तुम्ही दोघं बरे असानच. पुण्यात म्हणे रश्श्यात बी गूळ टाकते, त्याची तेवढी काळजी वाटते. इकडं आबाचा गुडघा सोडून सगळं घर ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र काहून, तं तू घरच्या ग्रुपातून निघून गेला अन् माहा नंबर ब्लॉक केला. (बरोबर केलं. कुरियरवाला बनून "तुमच्या नावानं जिवंत बकरा आला, सही कराले खाली या" असा मी तीनदा फोन केला, ती माही चूक. पण तिसऱ्या खेपेले बी चार माळे उतरला, ती तुही.)

तर झालं असं की कप्तान मृगांकावर नवीन सिरीज आली, ते तुले माहीत असनच. ज्याच्या बेचाळीस पॉकेटबुकांवर आबाची जवानी गेली, अन् आबाच्या बाजूले बसून वाचता वाचता तुहं लहानपण, तोच आपला मृगांक. तिसऱ्या भागात तो आपल्या इंजिनियरचा, म्हणजे सोमदत्तचा, हात पकडते अन् म्हणते की माहं तुह्यावर प्रेम आहे. बस, एवढंच. पण मृगांक वाचक मंडळात (सभासद अकरा, दात मिळून शंभराच्या आत) अशी आग लागली की काय सांगू. मंडळाचे सेक्रेटरी मधुकरराव मास्तर, ज्याईनं तुले अन् मले दोघाईले भूगोलात नापास केलं, त्याईनं पेपरले सात पत्रं लिहिली. कुही गावावरून मंडळातले देवाजी धानाचं काम सोडून एस.टी.नं आले. त्याईची बेचाळीसच्या बेचाळीस पुस्तकं तांदळाच्या कोठीत राहते, कसर लागत नाही म्हणून. आल्या आल्या म्हणे, "चाळीस वर्षं ज्याले देवासारखं जपलं, त्याले असा बाटवला गा!"

मले राग आला तो इथं. अरे, तुम्हाले चाललं तरी काय काय! शनीच्या कड्यावर ऊस लावला, चालला. दोन तोंडाची म्हैस यानाले इंधन देते, ते बी पटलं. मंगळावरचा राक्षस शुद्ध मराठीत शाप देते, त्यात बी व्याकरणाची चूक नाही म्हणून मधुकररावाईनं टाळ्या वाजवल्या होत्या. अन् एका माणसाले दुसरा माणूस आवडला, तं म्हणे हे विज्ञानाले धरून नाही! अन् आवडला तरी नवीन काय झालं बाप्पा? बेचाळीस पुस्तकात बेचाळीस राजकन्या त्याच्या गळ्यात माळ घालाले उभ्या आहेत. एकीकडं तरी पाह्यलं का त्यानं? दर येळी शेवटच्या पानावर एकच वाक्य, "सोमदत्ता, यान सुरू कर, आपण दोघं निघू." लेखकानं अजून काय करावं, पत्रिका छापाव्या का? हे मी मंडळात बोललो तं मधुकरराव म्हणे, "तू बारावी निघ पहिले." हे कोणतं उत्तर झालं, तूच सांग.

आबा काही बोलला नाही. तुह्या येळेस बी नव्हता बोलला, तुले आठवतच असन. तू जेवता जेवता सांगितलं की श्रीधर नुसता रूममेट नाही, अन् आबा ताटावरून उठला, हात धुतला, अन् जो गप झाला तो दोन वर्षं. तुहं नाव काढलं तं उठून पंख्याची स्पीड वाढवते. थंडीत बी. पुष्पाकाकू शाल घेऊन बसते, पण आपल्या पोराचं नाव काढाची सोडत नाही.

तर मंडळानं ठरवलं की या वर्षी मारबतीले मृगांकाचा पुतळा करून बडग्या काढाचा. आपल्याकडं ज्याचा राग त्याचा बडग्या, महागाईचा, डेंग्यूचा, तसा हा "बिघडवलेल्या मृगांका"चा. मिरवाचा अन् जाळाचा. बांबू देवाजीनं आणले, आत भराची तणस बी त्याईचीच, निळा कोट मधुकररावाईच्या सुनेनं शिवला. अन् तोंड? तोंड छापाचं काम माह्याकडं आलं, कारण दुकानाची मशीन माह्या हाती. "त्या नटाचा फोटो मोठा करून लाव," एवढंच सांगितलं. आबा मंडळाचा अध्यक्ष, म्हणून काडी आबा लावणार.

मले काय बुद्धी सुचली माहीत नाही. (माहीत आहे, पण लिहीत नाही.) आबाच्या पंच्याहत्तरीले तू डोक्यावर काकूचा भाताचा गंज घालून, काजळाच्या मिशा काढून मृगांक झाला होता, आबा इतका हासला होता की कवळी पातोडीच्या रश्श्यात पडली होती. तो फोटो माह्या फोनात होता. मी तोच तीन फूट करून लावला. गंजाले चंदेरी रंग मारला, हेल्मेट दिसाले लागलं. मनात म्हटलं, जाळाचाच आहे ना, मग कोणाले जाळून राहिले ते तरी पाहा.

मिरवणुकीत कोणीच ओळखलं नाही गा! मधुकररावाईले मोतीबिंदू, देवाजी नाचण्यात गुंग, अन् बाकी गर्दीले "घेऊन जा गे मारबत" ओरडण्यापुढं काही सुचत नाही. चार पोरी तुह्यासोबत सेल्फी काढून गेल्या. एक म्हणे, "हा तं असली हिरोपेक्षा चांगला दिसते वं." (त्याचं आता काही होऊ शकत नाही, पण तुले सांगून ठेवलं.) मी हासून राहिलो होतो, पण मैदान जवळ आलं तसं हासणं बंद झालं. कारण आबा पूर्ण रस्ता रिक्षात बसून पुढं होता, त्यानं बडग्याचं तोंड अजून पाह्यलंच नव्हतं. न ओळखता त्यानं काडी लावली असती, तं ते तुले कोणत्या तोंडानं सांगाचं होतं मी?

मैदानात आबाले स्टुलावर चढवलं. हातात काडीपेटी दिली. आबानं काडी ओढली, मान वर केली, अन् बडग्याचं तोंड पाह्यलं. काडी जळत जळत बोटापर्यंत आली, तेव्हा फेकली. मग दुसरी काढलीच नाही. खाली वाकून म्हणे, "मधुकर, कोटावर तारे किती लावले?"

"पाच."

"मृगांकाचे सात."

"पाच! पहिल्या पुस्तकापासून पाच!"

"सतराव्यात बढती झाली. सात. हा चुकीचा बनवला तुम्ही. चुकीचा जाळता येत नाही."

देवाजीनं नाचणं सोडलं. "सहा असन गा आबाजी. एक युद्धात पडला होता."

झालं! पाचवाले, सातवाले अन् देवाजी एकटे सहावाले, असे तीन पक्ष पडले. मधुकररावाईनं तिथंच गर्दीत वही काढली. कोणी म्हणे कोठीतून सतरावं पुस्तक काढा, तं देवाजी खाली मान घालून म्हणे, "तेवढं उंदरानं खाल्लं." मधुकररावाईचं वाचनालयाचं, ते कधीचंच परत केलेलं. अन् आबा म्हणे, "आमचं मोहित घेऊन गेला."

दादा, दोन वर्षांत पहिल्यांदा. बँड वाजून राहिला होता, तरी मी बरोबर ऐकलं. मोहित म्हणे.

मागं तीस बडगे खोळंबले होते. पोलीसवाला आला, "आबाजी, जाळता का उचलता?" आबा म्हणे, "सायेब, चुकीचा माणूस जाळला तं पाप कोणाले लागते?" पोलीसवाल्यानं विचार केला अन् म्हणे, "मले नका लावू बा, उचला." मग ई-रिक्षात टाकून तुले घरी आणलं. आबा पूर्ण रस्ता बडग्याचा हात धरून बसला होता, वरच्या विजेच्या तारेले डोकं लागू नये म्हणून. मले फक्त एक विचारलं, "कोणत्या मशीनवर छापला? नाक बरोबर आलं."

आता तू वऱ्हांड्यात उभा आहे. पाणी येते म्हणून आबानं तुह्यावर कूलरची ताडपत्री टाकली. काकूनं पहिल्याच दिवशी पाह्यलं अन् म्हणे, "किती वाळला माहा पोरगा," अन् तणस अजून दोन पेंढ्या कोंबली. सकाळी आबा पेपर वाचाले त्याच्याच बाजूले बसते. सगळ्याईले समजलं आहे अन् कोणीच बोलून नाही राहिलं. असा राग येते ना मले! पुतळ्यापाशी बसता येते, मग नातवाले एक फोन कराले काय बोटं झिजते का? अन् तू बी काही कमी नाही. दोन दिवाळ्या गेल्या. पुतळ्याचं तरी बरं, उचलून आणला की येते.

चुकलंमाकलं पोटात घाल, पोट नसन तं काकूकडून तणस मागून घे.

तुहाच,
आयुष

ता.क. वरचं सगळं सोड, पत्र लिहाचं कारण हे. काल आबा दुकानात आला अन् मशीनकडं पाहत म्हणे, मंडळाची सभा दसऱ्याले आहे, ताऱ्याचा निकाल लावा लागन, तवा सतरावं पुस्तक पाह्यजे. मी म्हटलं, पोस्टानं पाठवाले सांगतो. तं म्हणे, "पोस्टानं नाही. जुनं आहे, फाटते. त्यालेच आणाले सांग." मग दारापर्यंत गेला, वापस आला, अन् म्हणे, "एकट्यानं एवढं जुनं पुस्तक सांभाळणं होत नाही. दोघं या म्हणा." समजलं का? दोघं. मी दोनदा विचारून पक्कं केलं.

ता.क. २. आता घाबरू नको. पुस्तक तुह्यापाशी नाही ते मले माहीत आहे. ते दोन वर्षांपासून माह्या गादीखाली आहे, कारण कव्हरवरच्या राजकन्येले मी पेनानं दाढी काढली होती अन् तवाच तू गेला, म्हणून बिल तुह्या नावावर फाटू दिलं. तुम्ही स्टेशनावर उतरा, मी फलाटावरच पुस्तक हातात देतो, घरी तूच आणलं म्हणून दाखवजो. अन् मी ते परवा पूर्ण वाचून काढलं. त्यात मृगांकाची बढती नाही, कोट नाही, ताऱ्याचा एक शब्द नाही. आबानं ते तीस येळा तरी वाचलं असन. दादा, हात जोडतो, पाया पडतो, हे मधुकररावाईले नको सांगू, देवाजीले नको सांगू, काकूले नको सांगू, अन् मले समजलं हे आबाले तं बिलकुलच नको सांगू.