तळ्यासकट घर

पंपाची पिन मी ओढली तेव्हा तळ्यात घोटाभर पाणी उरले होते आणि मासे आडवे पडून चिखल उडवत होते. आता ते टबांत आहेत. तळ्यात नळी सोडली आहे. धार बारीक आहे, म्हणून वेळ आहे. त्या वेळात हे लिहिते.

मी या घराची मालक. विधवा. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे माझे चिरंजीव सांगतील. आज सकाळी अंगणात उभे राहून त्यांनी तसे सांगितलेच. कोणी मला धाक घातलेला नाही. गोड बोलण्याचा प्रयत्न मात्र झाला.

एक. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात हे घर चिरंजिवांना दिले होते. आज मी अंघोळीला गेले असताना ते मागच्या फाटकाने आले, पंप तळ्यात टाकला आणि चालू केला. मी बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत बसून फोन बघत होते.

"आई, उद्या सकाळी भरावाचा ट्रक येतोय. खड्डा बुजवला की गाडी आत लागेल."

"आणि मासे?"

"मासे काय, बाजारात मिळतात."

"ते खायचे."

"तेच म्हणतोय मी," असे म्हणून हसले.

मी पिन ओढली. मग आवाज चढले. माझे डोके, माझे वय, त्यांची गाडी उन्हात तापते, आत्या वरची खोली अडवून बसली आहे, तिला वृद्धाश्रमात नीट बघतील, असे सगळे झाले. ट्रक येणारच, असे सांगून गेले. रिकामा खड्डा कोणीही भरतो. म्हणून तळे आजच भरले पाहिजे, आणि मासे जिवंत आत गेले पाहिजेत.

दोन. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सूनबाईंना. त्यांना शिवता येत नाही, पण वस्तू घेतल्या जागी ठेवतात. कात्री कागदाला लावू नये. चिरंजिवांनी लहानपणी लावली होती. तेव्हाच ओळखायला हवे होते.

तीन. बँकेत जे असेल त्यातून माझ्यामागचा खर्च भागवावा. उरेल ते तळ्याच्या विजेसाठी आणि माशांच्या खाण्यासाठी. माझा फोटो मोठा करून लावू नये. तो फोटो मला माहीत आहे.

चार. जिन्याखालची शिडी डावीकडच्या शेजाऱ्यांची आहे. हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. नंतर घेऊन जावी.

(नळी बघून आले. पाणी गुडघ्याला आले आहे.)

पाच. घर.

हे घर मला माझ्या नवऱ्याच्या मृत्युपत्राने मिळाले. त्यात त्यांनी "तळ्यासकट" असे लिहिले होते. बायकोबद्दल दोन ओळी होत्या, माशांबद्दल पानभर. तळे त्यांनी स्वतः खणले, अस्तर घातले, कडेला दगड लावले. मला मासे आवडत नव्हते. आजही आवडतात असे नाही. तोंड उघडतात, मिटतात आणि काही सांगत नाहीत. तसे घरात एक माणूस होतेच.

वरच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण राहते. टेलिफोन ऑफिसात होती. लग्न केले नाही. माझे ठरत होते तेव्हा ह्यांना म्हणाली होती, "कपडे शिवणारी आणतोस? जेवणात टाचण्या सापडतील." हे मला ह्यांनीच सांगितले, तेही हसत. मी विसरलेले नाही. वन्संच्या एकाही पोलक्याला मी हात लावला नाही. त्या बाहेरून शिवून आणत, आणि बाह्या कायम चुकलेल्या असत.

तळ्याचे पाणी बदलायचे ते तिघांनी. जाळे माझे, नळी ह्यांची, औषध वन्संचे. नळाच्या पाण्यात माणसांसाठी जे जंतुनाशक घालतात त्याने माशांचे कल्ले जळतात. म्हणून नवे पाणी भरताना ते मोडणारे औषध घालावे लागते, तेही मासे टबात असतानाच. वन्सं बाटली घेऊन पायरीवर उभ्या राहत. पाणी अर्ध्यावर आले की हे ओरडत, "टाक!" मग त्या टाकत. स्वतःहून कधी नाही. ऑफिसात घंटी वाजल्याशिवाय हात हलला नाही, तीच सवय.

हे गेल्यावर पहिल्यांदा पाणी बदलले तेव्हा आम्ही दोघीच होतो. अंत्यविधीनंतर वरच्या खोलीच्या भाड्यावरून आमचे बोलणे थांबले होते. मी नळी धरली. त्या पायरीवर उभ्या राहिल्या. पाणी भरले. मी मासे सोडले. संध्याकाळपर्यंत ह्यांचे सगळे जुने मासे पोट वर करून तरंगत होते, आणि वन्सं बाटली हातात घेऊन पायरीवर बसल्या होत्या. बाटलीचे बूच उघडलेले नव्हते. आज आहेत ती टबात राहिलेली लहान पोरे, मोठी झालेली.

औषध टाकणे त्यांचे काम होते. हाक मारणे माझे काम कधीच नव्हते. यावर माझे मत बदललेले नाही.

मात्र आज चिरंजिवांचा पंप सुरू झाला तेव्हा त्या वरून खिडकीतून बघत होत्या. मी अंघोळीत, चिरंजीव फोनमध्ये. वन्सं खाली आल्या आणि पाणी गढूळ होण्याआधी बादलीने तळ्याचेच पाणी काढून दोन टब भरून ठेवले. कोणाला विचारले नाही. मी पिन ओढल्यावर चिखलातून मासे दोघींनी काढले. त्यांनी जाळे धरले, मी ओल्या हातांनी उचलले. एक लहान मासा पंपात ओढला गेला होता. तो मी काढला. वन्संनी त्याला फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "मेल्याला पंपाला जाळी लावायची अक्कल नाही." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण मला ऐकू आले.

आता मला थांबावे लागले. कारण लिहिते. पाणी अर्ध्यावर आले. वन्सं पायरीवर उभ्या राहिल्या, बाटली हातात. मी कागदाकडे बघत होते. त्यांनी ह्यांच्या जागेकडे बघितले, मग माझ्याकडे.

"वहिनी, टाकू का?"

मी म्हटले, "टाका."

"सगळ्या तळ्याचं टाकू, का नव्या पाण्यापुरतं?"

"सगळ्या तळ्याचं. जास्त विचारू नका, टाका."

"विचारलं नाही की मासे मरतात. विचारलं की तुम्ही चिडता."

"टाका म्हटलं ना!"

त्यांनी टाकले. मी पाहिले.

म्हणून लिहिते: हे घर, तळ्यासकट, माझ्यामागे वन्संना. त्यांच्याबद्दल माझे मत वर दिले आहे. पुढील अटी: पाणी कधीही पूर्ण काढू नये, तिसरा हिस्सा जुने ठेवावे. आज ते साधले नाही, टबातले होते तेवढेच. पाण्यात हात घालण्याआधी वीज बंद करावी. टबांवर जाळी टाकावी, मासे उडी मारतात. तळाचा चिखल काढावा, पण कडेची हिरवी साय घासू नये. साबण घराच्या त्या बाजूला आणूही नये. टबात नवे पाणी मगाने थोडे थोडे घालावे, मासे स्वस्थ दिसले की टब कलंडवून त्यांचे त्यांना जाऊ द्यावे. त्या दिवशी खायला घालू नये. आणि पाणी अर्ध्यावर आले की टाकावे. हाकेची वाट बघू नये. मी नसेन.

सहा. चिरंजिवांना त्यांचा पंप परत मिळावा. तोंडाला जाळी बसवून दिली आहे.

मासे आत सोडले. तळाशी गेले आहेत, हलत आहेत. आणखी काही सांगायचे नाही.

स्थळ: मागचे अंगण. तारीख साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली घातली आहे.

(सही) घरमालक

दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

(सही) डावीकडचे शेजारी, औषधविक्रेते. आमचे पटत नाही, म्हणूनच बोलावले. माझ्या बाजूने खोटे बोलायचे त्यांना कारण नाही.

(सही) निवृत्त पोस्टमन, समोरचे घर.

दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद, माझ्याच हातची:

ट्रक आला. ड्रायव्हर फाटकातून आत डोकावला आणि चिरंजिवांना म्हणाला, "साहेब, तुम्ही खड्डा म्हणाला होता. यात मासे आहेत. मी नाही ओतणार." आवाज ऐकून शेजारी आले. नवे मृत्युपत्र झाले आहे आणि हे साक्षीदार आहेत, असे मी सांगितले. चिरंजिवांनी त्यांना विचारले, "काल तुम्ही कशावर सही केलीत?" ते म्हणाले, "वाचलं नाही. पण सही माझीच आहे." ट्रक परत गेला. चिरंजीव पंप न घेताच गेले.

मासे वर आले. मोजले, सगळे आहेत. वन्सं खिडकीतून म्हणाल्या, "वहिनी, चहा टाकू का?"

मी म्हटले, टाका.