मामांच्या जुन्या फोनला उमगेल असे

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. जी भाची आपल्या घरी आठवडाभर राहूनही "पाणी हवे" हे मामींमार्फत कळवते, तिने आपणांस थेट एवढे लांब पत्र लिहावे, हा आगाऊपणाच, क्षमा असावी. आपली प्रकृती, मामींचा गुडघा आणि जिन्यातले मांजर (अजून आपल्याच पायपुसण्यावर हक्क सांगते ना?) ही सर्व मंडळी ठीक असावीत. दृष्टी अधू झाल्यापासून आपण पत्रे फोनकडून वाचून घेता. माझा विषयही नेमका तोच आहे.

मोठ्याने वाचण्याचे ते कसब आमच्या कचेरीत तयार होते आणि एका फाइलमध्ये बांधून फोनात ठेवले जाते. टपालाचे ॲप असो वा बातम्यांचे, सगळी त्याच फाइलकडे येऊन "हे वाच" म्हणतात. म्हणून तिला शेअर्ड लायब्ररी म्हणायचे. मात्र आपण माणसे जो मजकूर लिहितो, तो प्रोसेसरला कळत नाही. तो कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्याच्या आज्ञांत उतरवावा लागतो; आणि आपल्या फोनातला जुना प्रोसेसर व हल्लीचा नवा यांच्या आज्ञा इतक्या निराळ्या, की एकाची फाइल दुसऱ्यापुढे ठेवली तर तो तिला ओळखसुद्धा दाखवत नाही. (हे मी करून पाहिले. फाइलींची अदलाबदल झाली आणि मी मुक्या फोनची हात जोडून माफी मागत होते, असे शेजारच्या टेबलावरची मैत्रीण सर्वांना सांगते.)

नव्या प्रोसेसरसाठी कंपाइल केले, तर आवाज "नमस्कार"मधले "नम" एवढेच म्हणून गप्प झाला. कारण असे, की प्रोसेसरच्या स्मृतीत प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो. जुन्याचा पत्ता आखूड, नव्याचा दुप्पट लांब. आमच्या मजकुरात कोणीतरी पूर्वी तो पत्ता आखूड खणात ठेवला होता. नव्यावर तो अर्धा कापला जाई आणि बिचारा प्रोसेसर भलत्याच दारात जाऊन उभा राही. मी मोठ्या अक्कलहुशारीने सगळे खण दुप्पट केले. नवा बोलू लागला, जुना मुका झाला! अखेर खणाचे माप मी ठरवायचेच नाही, ज्याने त्याने आपल्या पत्त्याएवढा खण घ्यावा, असे लिहिले आणि तो एकच मजकूर दोनदा कंपाइल केला. दोन्ही फाइली उघडून पाहिल्या, तर दोघींत एकही आज्ञा सारखी दिसेना. आणि तरीही दोघींनी तेच वाक्य, त्याच आवाजात, त्याच जागी श्वास घेऊन म्हटले. मामा, मी खुर्चीतून आपोआप उठून उभी राहिले. कोणासाठी उभी राहिले, हे मैत्रिणीला सांगता आले नाही.

फक्त तो जुना फोन खरा नव्हता. संगणकात त्याचे सोंग उभे केले होते. (कचेरीतल्या अखेरच्या खऱ्या जुन्या फोनची बॅटरी उशीसारखी फुगली.) विभागप्रमुख बाई बैठकीत म्हणाल्या, "अगं, पण असले फोन वापरणारं कोणी उरलंय का? जुन्यांचं वाचन बंदच करू या."

तेव्हा कोणीतरी म्हणाले, "माझे मामा वापरतात." तो आवाज माझा होता. (मीही चमकून मागे पाहिले.)

"हिच्या मामांसाठी वेगळा कारखाना काढू या!" मैत्रीण म्हणाली. सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. "गुरुवारपर्यंत खऱ्या फोनवर चालवून दाखव. नाहीतर जुन्याला रामराम."

नव्या फोनवर आपली बोटे चाचपडतात, हे मी पाहिले आहे. अधिक काय लिहावे?

आपली, दाराआडून बोलणारी,
भाची

ता. क. मामींच्या परवानगीने नवी आवृत्ती कालच आपल्या फोनवर चढवली आहे. आपण इथवर ऐकले असेल, तर जुन्या प्रोसेसरने परीक्षा दिली. कृपया विभागप्रमुख बाईंना स्वतः फोन करून तसे सांगावे. नंबर मामींकडे आहे. (मला सांगितलेत, तर त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.) तसेच, एरवी मी इतके कंस घालत नाही. कंसात आवाज हलका होतो का, तेही सांगावे.

ता. क. २. मामी, हे पत्र तुम्हांला वाचून दाखवावे लागत असेल, तर माझे चुकले. जुनी आवृत्ती मी जपून ठेवली आहे. रविवारी येऊन परत बसवते. ती कचेरीत किती दिवस चालू देतील याचा भरवसा नाही, हे मात्र मामांना सांगू नका. तोवर वर्तमानपत्र तुम्हीच वाचा. अग्रलेखातले परिच्छेद गाळू नका, त्यांना कळते.

पाठवले : मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.