प्रोटीन आणि चारही काचा

३ जून
सासऱ्यांच्या वाढदिवसाला जिमवाल्या मेहुण्याने सगळ्यांसमोर माझा दंड आंब्यासारखा दाबून पाहिला. म्हणाला, अजून कच्चा आहे. ठरलं! आजपासून फक्त प्रोटीन. सकाळी अंडी, दुपारी चिकन, रात्री पावडर. भाज्या, फळं बंद. पाला गुरांनी खावा.

९ जून
अंगात ताकद जाणवते. पोटात गुडगुडही जाणवते. स्नायू तयार होत असणार.

१४ जून
मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत सडक्या अंड्यासारखा वास. मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गाडी ठणठणीत आहे म्हणाला. हल्लीच्या मेकॅनिकांना काही कळत नाही.

२२ जून
शिकवण्यात जादू आली आहे! पार्किंगला घाबरणाऱ्या बाईंनी आज दिसेल त्या फटीत एका दमात गाडी घुसवली आणि उतरून लांब जाऊन उभ्या राहिल्या. याला म्हणतात आत्मविश्वास.

२९ जून
बायकोने माझी उशी हॉलमध्ये टाकली. म्हणाली, नाक आहे मला. मी मनावर घेतलं नाही. यशाचा मत्सर घरापासूनच सुरू होतो.

६ जुलै
पोट साफ नाही. त्यात क्लासच्या मालकांनी बोलावून घेतलं. शिकाऊ लोक दुसरा शिक्षक मागतात म्हणे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, असा हुकूम.

७ जुलै
डॉक्टरीणबाईंनी पोट वाजवून पाहिलं. म्हणाल्या, न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात उतरतं. तिथल्या जिवाणूंना भाजी-फळांचा चोथा मिळाला तर त्यातून ते आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं बनवतात. चोथा नसेल तर प्रोटीनच कुजवत बसतात. हा वास त्याचा. वर्षानुवर्षं असंच चाललं तर आतड्याचंही भलं नाही. प्रोटीन बेताने घ्या. भाज्या, फळं, कडधान्यं हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या.
म्हणजे माझ्या आत असंख्य जीव ताटकळत बसलेत आणि मी त्यांना चोथा दिला नाही! गलबलून आलं.

८ जुलै
हळूहळू हा भित्र्यांचा शब्द. एका बैठकीत कोबीचा अख्खा गड्डा, वाडगाभर कोंडा, सालासकट सफरचंदं. पाणी राहिलं. उद्या पिऊ.

९ जुलै
पोटाचा नगारा. उठता येईना. बायकोने मला आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं, चावी घेतली आणि दवाखान्यापर्यंत गाडी स्वतः नेली. वळणं सफाईदार, गिअर लोण्यासारखा, चारही काचा खाली. कण्हत विचारलं, गाडी कधी शिकलीस? म्हणाली, गेल्या महिन्यात, समोरच्या क्लासमध्ये. तिथे शिकवणाऱ्याच्या शेजारी बसता येतं.