‘घरगुती, किरकोळ’

४ फेब्रुवारी
कागद आले. टेम्पोत पेट्या, आणि ड्रायव्हरशेजारी स्वतः पत्रकारबुवा! ऐंशी ओलांडलेत, कान अधू, आवाज मात्र तोफेचा. गावातल्या सगळ्या भानगडी यांनीच बाहेर काढलेल्या. आता त्यांची पत्रं आणि कागद आमच्या दप्तरखान्यात राहणार, आणि लावायचं काम माझ्याकडे. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. बुवांची अट एकच — मी कागद लावताना ते समोर बसणार. साहेब लगेच हो म्हणाले. त्यांचं काय जातंय?

७ फेब्रुवारी
दिवसभर गंजलेल्या टाचण्या काढल्या. बुवांना प्रत्येक कागदाची हकिगत सांगायची असते.

११ फेब्रुवारी
आज ठिणगी पडली. पेटीच्या तळाशी एक गठ्ठा निघाला. वर निळ्या पेन्सिलीने बुवांचंच अक्षर — ‘घरगुती, किरकोळ’. लग्नानंतर ते दुसऱ्या शहरातल्या वर्तमानपत्रात होते, तेव्हा बायकोने लिहिलेली पत्रं. वाचायला लागले आणि हसू आवरेना. ‘लेकीला दात आलेत. काल तिने तुमचा अग्रलेख चावला आणि थुंकून टाकला. मी रागावले नाही.’ दुसऱ्यात गळकं छप्पर आणि भोचक शेजारीण. चार ओळींत ती बाई डोळ्यांपुढे उभी!

मी काय वाचतेय हे कळताच बुवांनी गठ्ठा ओढून पिशवीत कोंबला. मंत्र्यांची पत्रं ठेवा म्हणे, ही जाळायची आहेत. मी म्हटलं, असं निवडून ठेवता येत नाही. साहेबांनी मला बाहेर नेऊन झापलं — म्हातारा बिथरला तर सगळ्याच पेट्या परत जातील.

जाऊन पुन्हा टाचण्या काढत बसले. राग निघाला घरी, नवऱ्यावर. बिचारा.

१२ फेब्रुवारी
राहवेना. कागद बुवांचे, पण शब्द कोणाचे? लिहिणारीला कोणी विचारलंय का? बुवा यायच्या आत त्यांच्या घरी फोन लावला. बुवांच्या बायकोने, आजींनीच उचलला. सगळं सांगून टाकलं — होईल ते होईल. पलीकडून हळूच, ‘आहेत अजून ती? मला वाटलं, केव्हाच रद्दीत गेली.’

१३ फेब्रुवारी
आजी आल्या. बुवा पिशवी पोटाशी धरून बसलेले. आजी त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या.

‘द्या ती पिशवी.’

‘लोक हसतील मला.’

‘हसू देत. जन्मभर तुम्ही लोकांचं हसं केलंत, आता तुमची पाळी. आणि जाळायचीच होती, तर इतकी वर्षं जपलीत कशाला?’

भल्याभल्यांची बोलती बंद करणारा हा माणूस! कान लाल झाले. पिशवी त्यांनी आजींच्या मांडीवर ठेवली, आजींनी माझ्या टेबलावर.

जिंकलो! साहेब दारातून बघत होते. चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा.

२० मार्च
संग्रह खुला झाला. वाचनकक्षात उभं राहायला जागा नव्हती. आजींनी स्वतःची पत्रं स्वतः वाचली, चष्मा नाकावर सरकवत, अजिबात न हसता. लोक मात्र डोळे पुसेपर्यंत हसले. सगळ्यांत मोठ्याने बुवा — तेही प्रत्येक वेळी एक ओळ उशिरा.

नंतर इथल्या दैनिकाची संपादक, माझ्याच वयाची असेल, आजींजवळ आली. आमच्याकडे दर आठवड्याला लिहाल का, विचारलं. आजींनी विषय विचारला. काहीही, ती म्हणाली. ‘मग जमेल,’ आजी म्हणाल्या. तरंगतच घरी आले.

२ एप्रिल
आजींचा पहिला लेख छापून आला. अंक घेऊन बुवा आले. एकटेच. त्यांच्या पेटीत ठेवायला मी हात पुढे केला, तर अंक मागे घेतला.

‘इथे नाही. नवी पेटी काढा. वर तिचं नाव घाला.’